बर्फातले बेणे



वैशाख तोंडावर आलेला असताना, पंख्याखाली बसूनही घाम पुसावा लागतो अशा संध्याकाळी आम्ही बर्फाच्या मुलखाविषयी बोलणार आहोत. याबद्दल कोणाची तक्रार नसावी. निदान कल्पनेने तरी घटकाभर गारवा मिळेल. विषय वनस्पतींचा आहे, पण त्यातला प्रश्न वनस्पतिशास्त्र न शिकलेल्या माणसालाही चटकन समजावा असा आहे. जेथे उन्हाळा जेमतेम सहा ते दहा आठवड्यांचा, जमीन वर्षातले आठ-नऊ महिने गोठलेली, आणि फुलांवर यायला माशा-भुंगेही बेताचेच, तेथे झाडेझुडपे आपला वंश चालवतात तरी कशी?

याचे उत्तर असे की, पुष्कळशी झाडे तो बियांवाचूनच चालवतात. आता, बियांवाचून वंश चालवणे ही आपल्याला काही अपूर्वाई नाही. आपण ऊस कांडी लावून करतो, केळीचे मुनवे लावतो, आले-हळदीचे गड्डे पुरतो, बटाटा डोळ्यांवरून घेतो, द्राक्षाची काडी लावतो. या साऱ्यासाठी आपल्या शेतकऱ्याने एक निराळा शब्दच राखून ठेवला आहे. ज्वारी-बाजरीचे ते बी. ऊस-हळदीचे ते बेणे. पंडितांनी परिभाषा घडवण्याच्या कितीतरी आधी झालेला हा भेद फार अर्थपूर्ण आहे. बी म्हणजे दोन जीवांच्या मिश्रणातून उपजलेला तिसरा, नवा जीव. तो आईसारखा असेल, बापासारखा असेल, किंवा दोघांसारखाही नसेल. बेणे म्हणजे नवा जीव नव्हेच. तो जुनाच जीव दुसऱ्या जागी पुढे चालू राहिलेला. हर्बर्ट वेबर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९०३ साली अशा एकाच जिवाच्या विस्ताराला 'क्लोन' हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नुसता 'डहाळी' असा आहे. पुढे १९९६ साली डॉली नावाची मेंढी जन्मली आणि हा शब्द वर्तमानपत्रांत गाजला. पण त्याचा जन्म गोठ्यातला नव्हे, बागेतला, हे ध्यानात असू द्यावे.

आपण बेणे लावतो ते आपल्या सोयीसाठी. थंड प्रदेशात तोच उद्योग निसर्ग स्वतः करतो, आणि तोही नाइलाजाने.

बी तयार करणे हे किती खर्चाचे काम आहे, याचा हिशेब आपण सहसा करीत नाही, कारण आपल्याकडे ऊन भरपूर. सह्याद्रीच्या सड्यावरचा तेरडा पाहा. मृगाचा पाऊस पडला की रुजतो, भाद्रपदात फुलतो, आणि पाऊस ओसरताच बोंडे फोडून बी उधळून मरून जातो. चार महिन्यांत जन्म, संसार आणि मरण! उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशात असे एकवर्षायू रोप शोधून सापडायचे नाही. कोनिगिया नावाचे बोटाच्या पेराएवढे एक रोप काय ते तेथे नांदते, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ त्याचा उल्लेख नवलाने करतात. कारण उघड आहे. जे रोप दर वर्षी बियांवरच पुन्हा जन्म घेते त्याला एक उन्हाळा फसला तरी जड जाते. लागोपाठ दोन-तीन फसले की संपलेच. आणि तेथे उन्हाळे फसतातच. कळी उमलली तर कीटक येत नाही. कीटक आला तर बी पिकायच्या आत हिमवर्षाव होतो. बी पिकले आणि रुजले, तरी पहिल्या थंडीत मातीतले पाणी गोठून फुगते आणि सुईएवढ्या मुळासकट रोपाला वर उचलून टाकते. त्या चिमुकल्या रोपाजवळ शिदोरी म्हणाल तर बियाण्यात साठलेली कणभर.

याउलट मुळावरून, खोडावरून फुटलेला धुमारा आईच्या अंगावरच वाढतो. तिच्या साठ्यातले अन्न त्याला मिळते. स्वतःची मुळे नीट धरेपर्यंत नाळ तुटत नाही. अशा मुलखात कोणते मूल जगेल, हे सांगायला पंचांग नको.

या कामी निसर्गाने योजलेल्या युक्त्या पाहण्यासारख्या आहेत. पहिली युक्ती बिस्टॉर्ट नावाच्या वीतभर रोपाची. हे आपल्या चुक्याच्या कुळातले. उत्तर ध्रुवाभोवतीच्या सर्व देशांत, आल्प्सवर, आणि आपल्या हिमालयाच्या उंच कुरणांतही ते सापडते. त्याच्या तुऱ्याच्या वरच्या भागात पांढरी-गुलाबी फुले असतात. पण खालच्या भागात फुलांच्या जागी तांबूस-तपकिरी, गव्हाच्या दाण्याहून लहान अशा कंदिका लागतात. ज्यांनी कोकणात करांद्याच्या वेलावर लोंबणारे करांदे पाहिले असतील, किंवा माळावरच्या घायपाताच्या उंच दांड्यावर लागलेली पिल्ले पाहिली असतील, त्यांना ही गोष्ट परकी वाटणार नाही. वरची फुले बहुधा वांझच जातात. खालच्या कंदिका मात्र पिष्टाने भरलेल्या असतात. कित्येकदा तुऱ्यावर असतानाच त्यांना हिरवे पान फुटते, आणि जमिनीवर पडल्या की त्या लगेच मूळ धरतात. लिनिअसने १७५३ साली या रोपाचे नाव ठेवताना त्यात 'जिवंत पिले देणारे' असा अर्थ घातला, तो यावरूनच. थंडी जितकी कडक, तितकी सामान्यतः तुऱ्यात फुले कमी नि कंदिका जास्त, असे निरीक्षण आहे. या कंदिकांवर पोट भरणारेही आहेत. टार्मिगन म्हणून तित्तिराच्या जातीचा एक पक्षी तिकडे असतो. त्याची पिले त्या टिपूनच वाढतात.

या रोपाची दुसरी एक गोष्ट आमच्या मते याहून अधिक विलक्षण आहे. पामेला डिगल या विदुषींनी कोलोरॅडोतील पर्वतमाथ्यावर त्याच्या कोंबांचा अभ्यास करून १९९७ साली असे दाखवले, की या रोपाचे एक पान किंवा एक तुरा जमिनीखाली आकार घेऊ लागल्यापासून पूर्ण होईपर्यंत चार वर्षे लागतात. म्हणजे आपण आज पाहतो तो तुरा चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मांडलेला असतो, आणि त्याच वेळी पुढल्या तीन वर्षांची तजवीज कोंबात क्रमाने चाललेली असते. आमच्या सभेत द्राक्षबागाईतदार असतील तर त्यांनी मान हलवली असेल. एप्रिलच्या छाटणीनंतर डोळ्यात जो घड बसतो तो ऑक्टोबरच्या छाटणीनंतर बाहेर येतो, हे त्यांना पाठ आहे. तेथे सहा महिन्यांचा हिशेब. येथे चार वर्षांचा!

दुसरी युक्ती दाब कलमाची. मोगऱ्याची फांदी वाकवून मातीत दाबायची, वर दगड ठेवायचा, आणि मुळे फुटली की तोडून निराळी करायची, हे आपल्याकडे माळ्याचे पोरही करते. स्वीडनच्या आणि कॅनडाच्या उत्तरेकडे हे काम बर्फ करतो. तेथल्या स्प्रूस वृक्षांच्या खालच्या फांद्या बर्फाच्या भाराने जमिनीला टेकतात, शेवाळात रुततात, मुळे धरतात, आणि तेथून नवा शेंडा वर येतो. मधले जुने खोड मरून कुजले तरी भोवतालचा परिवार कायम राहतो. स्वीडनमधील दालार्ना प्रांतात फुलुफ्येलेट नावाच्या डोंगरावर असा एक स्प्रूस आहे. उंची जेमतेम पाच मीटर. आपल्या दारचा शेवगा त्याहून उंच वाढतो. पण लेइफ कुलमन या शास्त्रज्ञांनी त्याच्या तळाशी सापडलेल्या लाकडाच्या जुन्या अवशेषांचे वय रेडिओकार्बन पद्धतीने काढवले, तेव्हा सर्वांत जुन्या तुकड्याचे वय सुमारे ९,५५० वर्षे भरले. २००८ साली ही गोष्ट जाहीर झाली. म्हणजे हिमयुगातला बर्फ तेथून हटल्यावर लवकरच हे झाड येऊन बसले आणि आजतागायत उठलेले नाही. कुलमन यांनी त्याला आपल्या मेलेल्या कुत्र्याचे नाव दिले आहे. इतक्या वयोवृद्धाला कुत्र्याचे नाव देणे आम्हांला काही रुचले नाही. पण शोधणाऱ्याचा हक्क असतो. आणखी ध्यानात ठेवण्याजोगे हे, की हजारो वर्षे हा वृक्ष बहुतांशी जमिनीलगत पसरलेल्या झुडपाच्या रूपातच होता. आज दिसणारे सरळ खोड त्याने वर काढले ते विसाव्या शतकात, हवा ऊबदार होऊ लागल्यावर.

तिसरे उदाहरण अगदीच नजरेत न भरणारे आहे. शेतात लव्हाळा झाला की आपला शेतकरी कपाळाला हात लावतो, कारण खुरपून काढला तरी खालच्या गाठींतून तो पुन्हा उठतो. त्याच कुळातला कॅरेक्स कर्व्ह्यूला हा एक बारीक पिवळसर तृणविशेष आल्प्सच्या माथ्यावर गालिच्यासारखा पसरलेला असतो. १९९६ साली स्टाइंगर, क्योर्नर आणि श्मिड या तिघांनी स्वित्झर्लंडमधील अशा एका गालिच्यातले फुटवे उपटून त्यांची आनुवंशिक तपासणी केली. त्यावरून सात हजारांहून अधिक फुटवे एकाच रोपाचे असावेत असे निघाले. हे रोप वर्षाला सरासरी ०.४ मिलिमीटर एवढेच पुढे सरकते. त्या मानाने हिशेब मांडता त्याचे वय दोन हजार वर्षांच्या आसपास आले. पैठणला सातवाहनांचे राज्य चालू असताना हे रोप चालायला निघाले, आणि अजून त्याची वाटचाल दोन हातही झालेली नाही.

आता या सर्वांत मोठ्या कुटुंबाकडे वळू. अमेरिकेतील यूटा राज्यात, फिश लेकच्या काठी, समुद्रसपाटीपासून सुमारे २,७०० मीटर उंचीवर अ‍ॅस्पेन वृक्षांचे एक रान आहे. अ‍ॅस्पेन म्हणजे काश्मीरच्या रस्त्यांवर आपण पाहतो त्या सफेद्याचा भाऊबंद. त्याच्या पानाचा देठ चपटा असतो, म्हणून आपल्या पिंपळासारखी त्याची पाने जराशा झुळकीनेही सळसळतात. या रानात सुमारे ४७,००० खोडे आहेत, आणि ती सर्व एकाच मुळाच्या जाळ्यावरून उठलेली, एकाच झाडाची आहेत. क्षेत्र ४३ हेक्टर, म्हणजे १०६ एकर; वजन अंदाजे साठ लाख किलो. कळकाचे बेट आपण पाहतो, तसेच हे बेट. पण एका बेटाने एखाद्या वाडीचे सगळे शिवार व्यापावे असे! बर्टन बार्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९७६ साली पानांच्या आणि सालीच्या सारखेपणावरून हे ओळखले; १९९२ साली मायकेल ग्रँट प्रभृतींनी त्याला 'पांडो' हे नाव दिले, त्याचा लॅटिनमधला अर्थ 'मी पसरतो'; आणि २००८ साली आनुवंशिक तपासणीनेही तेच ठरले. त्याच्या वयाचे अंदाज मात्र एकमेकांपासून इतके दूर आहेत की त्यांतला एकच उचलून सांगणे शहाणपणाचे नाही. पांडो नर आहे. त्यातून त्याच्या पेशीत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच आहेत, त्यामुळे परागही बेताचेच. थोडक्यात, संततीच्या वाटेने जाणे त्याला जवळजवळ बंद. जो काही विस्तार झाला तो मुळांवरूनच.

हे कसे घडते? उसाचा खोडवा ज्याने राखला आहे त्याला अर्धे उत्तर माहीत आहे. झाडाच्या शेंड्यात तयार होणारे एक द्रव्य खाली उतरत असते आणि ते मुळांवरच्या डोळ्यांना 'थांबा' म्हणून बजावत असते. शेंडा खुडला की बगलफूट येते ती याच कारणाने, धाक सुटतो. अ‍ॅस्पेनचे रान वणव्यात जळाले, की वरून येणारा हा निरोप एकदम बंद पडतो, काळी झालेली जमीन उन्हाने तापते, आणि मुळांतून उलटे येणारे दुसरे द्रव्य डोळ्यांना जागे करते. मग पुढल्या उन्हाळ्यात एकेका एकरात हजारो धुमारे फुटतात. वणव्यात मेले ते खोड. झाड मेलेलेच नव्हते.

हे ऐकून कोणी म्हणेल, मग बियांची यातायात हवीच कशाला? एकदा चांगला वाण मिळाला की त्याच्याच प्रती काढीत राहावे! येथे आमचा विषय जरा गंभीर वळण घेतो, कारण माणसाने हा प्रयोग करून पाहिला आहे. अँडीज पर्वताच्या थंड पठारावरून आणलेल्या बटाट्यावर आयर्लंडमधील गरीब जनता पोसली जात होती, आणि त्यांतही एकाच 'लम्पर' वाणावर मोठा भर होता. १८४५ साली करप्याची बुरशी आली. एक झाड तिला बळी पडले म्हणजे सगळी पडणार, कारण सगळी मिळून एकच झाड! पुढल्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासाने आणि रोगराईने मेली, आणि दहा लाखांहून अधिक देशोधडीस लागली. बेण्यात रोग शिरला तर तो पिढ्यान्‌पिढ्या बेण्याबरोबरच चालतो, हा दुसरा धोका. विषाणू बियांतून सहसा उतरत नाहीत, कंदातून हमखास उतरतात. म्हणून तर पूर्वी आपल्याकडे बटाट्याचे बेणे सिमल्याच्या डोंगरावर करीत; तेथल्या थंडीत विषाणू वाहून नेणारा मावा फारसा नसतो. १९४९ साली पाटण्यास सुरू झालेली केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९५६ साली सिमल्यास नेली, त्यामागे हेच इंगित होते. पुढे माव्याचा काळ चुकवून हिवाळ्यात सपाटीवरही निरोगी बेणे करण्याची रीत निघाली, आणि आता आपल्या मंचर-खेडच्या शेतकऱ्याला पंजाबचे बेणे मिळते. थंड प्रदेशात रानटी झाडांचे क्लोन एवढे दीर्घकाळ टिकण्याचे एक कारण हेच देतात, की किडी-रोग तेथे उणे.

पण एवढ्याने भागत नाही. रोग उणे असले तरी हवामान बदलते. एकच रूप घेऊन हजारो वर्षे बसलेल्याला त्याला तोंड द्यावेच लागते. दीर्घकाळ शास्त्रज्ञांची अशी समजूत होती, की ध्रुवप्रदेशातल्या कंदिकावाल्या वनस्पती म्हणजे एकसारख्या प्रतींची गर्दी; तिच्यात वैविध्य नाही, म्हणून भविष्यही नाही. सॅक्सिफ्रेज नावाच्या एका रोपाकडे यासाठी बोट दाखवीत. याच्या पानांच्या बगलेत माणकासारख्या लाल कंदिका असतात, शेंड्याला एकुलते एक फूल, आणि त्यात बी धरलेले क्वचित दिसते. १९९८ साली गाब्रिएल्सेन आणि ब्रोकमन यांनी या रोपांची आनुवंशिक तपासणी केली, तो काय आश्चर्य! एकेका टापूत नाना वंशांची रोपे शेजारी शेजारी नांदत होती. याचा अर्थ, बी कधी ना कधी धरत होते, आणि त्यातले एखादे रुजतही होते. माणसाच्या आयुष्यात ते दिसत नाही एवढेच. जो क्लोन शेकडो वर्षे जगतो त्याला शंभर वर्षांत एखादेच मूल झाले तरी पुरते.

म्हणून आम्हांला वाटते, की या वनस्पतींनी बी टाकून दिले असे म्हणणे चुकीचे आहे. त्या चांगल्या वर्षाची वाट पाहतात, आणि वाट पाहायला लागणारे आयुष्य बेण्याने मिळवतात. याचा डोळ्यांदेखत पुरावा अ‍ॅस्पेननेच दिला. अ‍ॅस्पेनचे बी धुळीसारखे बारीक, कापसात गुंडाळलेले. शिदोरी नाही, काही आठवड्यांतच मरते, ओली, उघडी माती मिळाली तरच रुजते. अमेरिकेच्या कोरड्या पश्चिम भागात ते रुजतच नाही, असे वनाधिकारी धरून चालत. १९८८ साली यलोस्टोन उद्यानाला प्रचंड वणवा लागला आणि उद्यानाचा एक-तृतीयांशाहून अधिक भाग होरपळला. मागाहून पाहतात तो राखेत अ‍ॅस्पेनची बियांपासूनची रोपे उगवलेली. कोठे कोठे तर जवळच्या अ‍ॅस्पेनपासून कित्येक किलोमीटर दूर! आणि ती प्रती नव्हती. प्रत्येकाचा पिंड वेगळा होता.

मग आजच्या तापत्या हवेत या जुन्या मंडळींचे काय होणार? घाईने गळा काढू नये, असे आमचे मत आहे. आल्प्सवरचा तो तृणाचा गालिचा दोन हजार वर्षांत अनेक गार-गरम फेरे पचवून बसला आहे. स्वीडनच्या स्प्रूसने तर उलट मान वर काढली. ज्यांना धोका दिसतो ते बिस्टॉर्टसारखे ठेंगणे. कारण हवा ऊबदार झाली की उंच झुडपे त्यांच्या डोक्यावर सावली धरू लागतात, आणि ज्याचा तुरा चार वर्षे आधी मांडलेला, त्याला बदलास उत्तर द्यायलाही तेवढाच वेळ. स्वालबार्ड बेटांवर अशा कंदिकावाल्या रोपांच्या शेजारीच, गोठलेल्या डोंगराच्या पोटात, २००८ साली साऱ्या जगाच्या बियाण्यांचे कोठार उघडले आहे. जेथे बी पिकायला इतके सायास, तेथेच जगाचे बी ठेवायला गेले. बी पिकवायला ऊब लागते आणि टिकवायला थंडी, हा त्यातला व्यवहार.

पांडोचे दुखणे मात्र हवेचे नाही, तोंडाचे आहे. तेथल्या रानातून लांडगे केव्हाच नाहीसे झाले. हरणे आणि गुरे मनसोक्त चरतात. मुळांवरून कोवळा धुमारा वर आला रे आला की खुडला जातो. उभी आहेत ती बहुतेक खोडे शंभर-सव्वाशे वर्षांची, आणि अ‍ॅस्पेनच्या एका खोडाचे आयुष्य त्याहून फारसे जास्त नसते. २०१८ साली पॉल रॉजर्स आणि डॅरन मॅकअव्हॉय यांनी बहात्तर वर्षांतली विमानातून काढलेली छायाचित्रे एकापुढे एक लावून दाखवली. रान दर खेपेस विरळ होत गेलेले दिसते. म्हातारे मरताहेत आणि मागे कोणी नाही, अशी त्या घराची अवस्था. २०१३ आणि २०१४ साली रानाच्या काही भागाला उंच कुंपण घातले. एका तुकड्यात हरणांनी कुंपणातून वाट काढली आणि तेथे फारसे साधले नाही. दुसऱ्या तुकड्यात कुंपण पक्के राहिले. तेथे नवे धुमारे उठले आहेत आणि दाट वाढत आहेत. कुंपणाबाहेर त्याच मुळांवर, तशाच मातीत, ते गुडघ्याएवढेही होत नाहीत.